पुणे मराठाज : एका हंगामाचा विजेता

पुणे मराठाज हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ होता. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या 2012 मधील पहिल्याच हंगामात दिल्ली डिफेंडर्सला 6–0 असे हरवून तो अजिंक्य ठरला. लीगमध्ये पैसा लावणाऱ्यांत प्रशिक्षक माइक डिटका, अभिनेता मार्क वॉलबर्ग अशी बडी नावे होती. सामने मात्र कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर, दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाले. पुढच्या हंगामाच्या घोषणा झाल्या, तारखा लांबत गेल्या आणि पुणेकरांच्या तोंडी रुळण्याआधीच हा विजेता विस्मरणात गेला.

परका खेळ इथे रुजत नाही, हे यावरचे ठरलेले उत्तर उथळ आहे. क्रिकेट कुठे इथले होते? खरा फरक खालून वाढलेला खेळ आणि वरून उतरवलेली लीग यांत आहे. 2025 ची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाली. तिथल्या प्रेक्षकाला ढाक, घिस्सा, एकलंगी हे डाव समजावून सांगावे लागत नाहीत. गावच्या तालमीत, जत्रेच्या फडात त्याने ते लहानपणापासून पाहिलेले असतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे, नाहीतर चेंडू बहुधा समोरच्याकडे जातो. नियम अवघड नाही, पण शेजारी बसून तो सांगणारा काका इथे कुणालाच नव्हता.

तरीही या फरकावर सगळा भार टाकता येत नाही. 2014 ची प्रो कबड्डी लीगही वरूनच, दूरचित्रवाणीच्या बळावर उतरली आणि तिच्यातला पुण्याचा संघ, पुणेरी पलटण, टिकला. तिच्याखाली गल्लोगल्लीची मंडळे होती. फक्की मारून रेघा आखल्या की कबड्डीचे मैदान तयार. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला हेल्मेट हवे, खांद्याचे पॅड हवेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या शाळेने ते कुठून आणायचे? तेव्हा दूरचित्रवाणीला दोष देणे अन्यायाचे आहे. चुकला तो क्रम: शाळेच्या आधी लीग आली.

हा क्रम सुधारता येण्यासारखा आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल या अमेरिकन फुटबॉलच्याच प्रकाराचा समावेश झाला आहे. एका बाजूला पाच खेळाडू, कमरेला लोंबत्या पट्ट्या. पट्टी ओढली की चेंडूवाला अडला. धडक नाही, हेल्मेट नाही. एक चेंडू, थोड्या पट्ट्या आणि शाळेचे पटांगण एवढ्यावर हा खेळ अहिल्यानगर जिल्ह्यातही उद्या सुरू होऊ शकतो, व्यावसायिक संघाची वाट न पाहता.