दुसरा स्पर्श

शास्त्रपाठ : मार्क ८:२२-२६



बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट मार्काखेरीज दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात नाही, आणि तिच्यावर उपदेशही क्वचितच ऐकू येतो. प्रभूने त्या मनुष्याला हात लावला, पण तो लगेच पूर्ण बरा झाला नाही. त्याला माणसे दिसू लागली, ती मात्र चालत्या झाडांसारखी. प्रभूने विचारले तेव्हा त्याने जसे दिसत होते तसेच सांगितले. भिडेखातर ‘बरा झालो’ असे म्हटले नाही. मग प्रभूने दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. पहिला स्पर्श वाया गेला असे आपण म्हणणार आहोत काय? किंवा त्याचा विश्वास तोकडा होता असे? शास्त्रात त्याला एका शब्दानेही दोष दिलेला नाही.

हा पाठ आज घेण्यास कारण आहे. एका मंडळीतील भगिनी दोन वर्षे नैराश्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेत होती. तिला बरे वाटू लागले होते. शुक्रवारच्या उज्जीवन सभेत कोणी सांगितले की, विश्वास असेल तर गोळ्या सोडा. तिने त्याच रात्री त्या बंद केल्या आणि रविवारी उपासनेत उभे राहून साक्ष दिली. सर्वांनी देवाची स्तुती केली. सोमवारपासून तिला भोवळ येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई. मळमळ, घाम, रात्री झोप नाही, आणि डोळा लागलाच तर भयंकर स्वप्ने. विनाकारण रडू येई, लेकरांवर ती खेकसे. आणि साक्ष देऊन बसल्यामुळे हे कोणाला सांगण्याची सोयच उरली नव्हती! ज्यांना कळले त्यांपैकी एकाने दुष्ट आत्म्याचे नाव घेतले, दुसऱ्याने अविश्वासाचे.

यात दुष्ट आत्मा नाही आणि अविश्वासही नाही. नैराश्यावरील पुष्कळशी औषधे मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करतात. महिनोन् महिने औषध मिळाले की मेंदू आपला कारभार त्याप्रमाणे बसवून घेतो. ते एकाएकी काढून घेतले तर पुन्हा घडी बसेपर्यंत शरीर कुरकुर करते. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधे शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास अधिक. फ्लुऑक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणून त्याचा सहसा कमी. याला व्यसन म्हणू नये. दारू सुटल्याची साक्ष आपण आनंदाने ऐकतो, पण गोळी सुटणे त्या जातीचे नाही. या गोळीसाठी कोणी घरातली भांडी विकत नाही.

हा त्रास सर्वांनाच होतो असेही नाही. २०२४ साली ‘लान्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. औषध थांबवणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ३१ जणांना काही ना काही लक्षणे जाणवली. पण ज्यांची नुसती खोटी गोळी थांबवली होती त्यांपैकीही शेकडा सुमारे १७ जणांनी तशीच तक्रार केली. तीव्र त्रास शेकडा तिघांच्या आसपास. म्हणून घाबरून जाऊ नये. पण त्या तिघांपैकी एखादा आपल्याच बाकावर बसलेला असू शकतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स या संस्थेनेही २०१९ मध्ये आपले म्हणणे सुधारून मान्य केले की, काहींच्या बाबतीत हा त्रास तीव्र असतो आणि लांबतो.

उपाय आहे तो हळूहळू उतरण्याचा. अळणी आमटीत पहिली चिमूट मीठ पडले की चव किती बदलते. दहावी चिमूट पडली तर फारसे कळत नाही. मेंदूवर औषधाचा परिणाम बराचसा असाच असतो. म्हणून कमी करताना सुरुवातीचे टप्पे सोपे जातात आणि शेवटचा लहानसा तुकडाच जड जातो. तो सोडायला डॉक्टर कधी कधी कित्येक महिने घेतात. गोळीचे तुकडे आपल्या मनाने करू नयेत, कारण काही गोळ्या तोडायच्या नसतात. आणि एक दिवसाआड घेण्याची युक्तीही घरच्या घरी करू नये. वरील भगिनीला डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करून दिले तेव्हा थोड्याच दिवसांत झटके थांबले. झटके आणि भोवळ ही मूळ आजारात नव्हतीच, ती गोळी थांबताच दोनचार दिवसांत आली होती. आजार परततो तो बहुधा सावकाश, काही आठवड्यांनी. हा फरक घरच्यांनी दिवसवार लिहून ठेवला तर डॉक्टरांना मोठी मदत होते. काहींना गोळी पुष्कळ वर्षे घ्यावी लागेल, त्यांनीही मान खाली घालू नये. हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन देवाने दिले होते, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली. पौलाच्या सोबतीला वैद्य लूक होता.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला घातले. मग कोठे तो होरेबाकडे निघाला. आपल्या भेटीही अशाच असाव्यात. पेज घेऊन जावे, लेकरांना तासभर सांभाळावे, दवाखान्यात सोबत जावे. ‘गोळी सुटली का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. प्रार्थनेच्या यादीत नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. प्रभूनेही त्या आंधळ्याला हात धरून गावाबाहेर नेले, आणि बरा झाल्यावर गावात न पाठवता थेट घरी पाठवले.

जीव देण्याचे विचार येत असतील तर रविवारची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा विनामूल्य आहे. आपल्या मंडळ्या जेथे आहेत तेथे मोठी रुग्णालयेही आहेत: गोव्यात बांबोळीला, बेळगावकरांना धारवाडला, हैदराबादेत एर्रागड्ड्याला, ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गातले एखादे लेकरू हल्ली आई फार रागावते असे म्हणाले, आणि घरी औषध बदलत आहे हे आपल्याला ठाऊक असले, तर आधी आईला विचारून त्याला जवळ घ्यावे आणि सांगावे की, आईचे औषध बदलते आहे, म्हणून तिला थकवा येतो. तू काही चुकलेला नाहीस.