लोहाराचे वंशज

आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यात स्मिथ आडनावाची घरं जागोजागी आहेत. ही मंडळी कधीकाळी इंग्लंडहून आली असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज मॅक गवन. आयरिश भाषेत लोहाराला ‘गवा’ म्हणतात आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा; तेव्हा हे लोहाराचे वंशज. इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजेही लोहारच. मुलीच्या नावात ‘मॅक’चं ‘निक’ होतं, लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावात ‘विक’. एका घरात एकाच आडनावाची तीन रूपं!

आयर्लंडमध्ये पिढीजात आडनावं दहाव्या-अकराव्या शतकातच रुळू लागली. युरोपच्या मानाने हे फार लवकर. त्यांत गाव क्वचितच असतं. असतो तो पूर्वज. म्हणून २०१७ साली लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले तेव्हा गंमत वाटली: बाप-आजे सांगणाऱ्या नावांच्या यादीत मालवणजवळच्या वराड गावाचा पत्ता जाऊन बसला.

मॅक गवनांचे स्मिथ झाले ते हौसेने नव्हे. १४६५ च्या कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर इथल्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घ्यायला फर्मावलं: एखाद्या गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं. कॅव्हन त्या टापूच्या बाहेर होतं. पण पुढे जमीन, कचेरी, दप्तर सगळंच इंग्रजीत गेलं, तेव्हा कायद्याची गरजच उरली नाही. शेजारच्या लीट्रिममध्ये मात्र लोकांनी आडनावाचा निदान आवाज राखला आणि ते मॅकगवन म्हणूनच राहिले.

मला यातला उलटा न्याय विलक्षण वाटतो. आडनावाचा अर्थ काय, हे आपण मोठ्या उत्सुकतेने विचारतो. कॅव्हनमध्ये तो अर्थ तंतोतंत वाचला आणि घराणं झाकलं गेलं. मॅकगवनमध्ये लोहार इंग्रजी कानाला ऐकू येत नाही, पण माणूस कुठला ते लगेच कळतं. भाषांतर जितकं अचूक, तितका माग काढणं कठीण.

आयरिश भाषा पुन्हा रुजवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था १८९३ मध्ये निघाली. त्या पुनरुज्जीवनाच्या काळात अनेकांनी इंग्रजी वळणात गळालेले ‘ओ’ (म्हणजे नातू, वंशज) आणि ‘मॅक’ परत लावले. आयरिश आडनावांचे नामांकित अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट हेही मूळचे नुसते लायसॅट. त्यांना पुढे ‘मॅक’ जोडता आलं. स्मिथांची ती सोय नाही. त्यांना आधी आडनावच सबंध उतरवून ठेवावं लागतं.