देणे की परत करणे?

एखाद्या वंचित घटकास मानाची जागा मिळाली की आपण सहज म्हणून जातो, ‘आम्ही त्यांना जागा दिली.’ हा ‘दिली’ शब्द आम्हांस अलीकडे सलू लागला आहे. जे मुळात त्यांचेच होते, ते दान कसे ठरेल?

शर्ली चिझम या १९६८ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वर्णापेक्षाही स्त्रीत्वामुळे आपली वाट अधिक अडवली गेली, असे त्या सांगत. त्यांच्याविषयी वाचताना आमच्याच वऱ्हाडातील एक विस्मृत नाव आठवते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. अस्पृश्य म्हणून आणि स्त्री म्हणून, अशा दुहेरी भिंतीआड ठेवलेल्या या भगिनींनी त्या दिवशी दया मागितली नाही, ठराव मांडले. बहुपत्नीत्वास कायद्याने बंदी असावी, पत्नीस घटस्फोटाचा हक्क असावा, गिरणीत राबणाऱ्या स्त्रीस हक्काची रजा मिळावी, आणि कायदेमंडळांत आपल्या स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात. घटस्फोटाविषयी आमच्या धर्मसभेची शिकवण वेगळी आहे. परंतु नवऱ्याने दुसरी बायको आणावी आणि पहिलीने मुकाट्याने सोसावे, या अन्यायाविरुद्धचा तो आक्रोश होता, हे विसरून चालणार नाही.

१९९३ साली ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यापर्यंत नेल्या. लोकसभा व विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती संमत व्हायला मात्र २०२३ साल उजाडले; म्हणजे नागपूरच्या ठरावानंतर एक्क्याऐंशी वर्षे. आणि इतके होऊनही सही सरपंचबाईंची व कारभार पतिराजांचा, हे चित्र खेडोपाडी दिसतेच.

त्यांना दोष देण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहिले. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम परिषदेत प्रथमच दोन भगिनींचा समावेश झाला. शेतमजुरी करणारी त्यांतील एक भगिनी जमाखर्चाविषयी बोलू लागली, तेव्हा आम्हीच तिला थांबवले : ‘ताई, तुम्ही वेदीच्या फुलांचे तेवढे बघा.’ ती खाली बसली. पुढील बैठकीस ती आलीच नाही. वर्षअखेर हिशेबात चूक सापडली. तीच चूक दाखवण्यासाठी ती त्या दिवशी उभी राहिली होती.

आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, ‘मले बोलू तं द्याचं होतं, फादर.’

रिकाम्या कबरेची वार्ता प्रथम स्त्रियांनीच आणली आणि प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असे संत लूक लिहितो. कबर तर रिकामीच होती. न ऐकणाऱ्यांच्या अविश्वासाने सत्य बदलले नाही. ते मात्र सत्यापासून काही काळ दूर राहिले.

सुलोचनाबाईंचा वारसा केवळ राखीव जागांत शोधू नये. जागा कायद्याने मिळते. कान मात्र आपणच उघडावे लागतात. दान देणारा उपकाराच्या भावनेने वर उभा राहतो. ऋण फेडणाऱ्याची मान लवलेली असते. स्त्रियांच्या बाबतीत आपण दाते नसून ऋणकोच आहोत.

आमच्या धर्मग्रामाच्या हिशेबाची वही आता त्या भगिनीकडे असते. आपल्या घरात, वाचकहो, अशी कोणती वही कुणाच्या हाती जायची राहिली आहे?