घसारा

कोल्हापुरात दोन गोष्टींची किंमत एका दमात सांगता येत नाही. एक चपलेची आणि दुसरी गावाकडच्या घराची. चपलेच्या बाबतीत घासाघीस करायला आपण मोकळे असतो. घराच्या बाबतीत ती सरकारनंच आधी करून ठेवलेली असते. तिला घसारा म्हणतात.

आमचं घर करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या एका गावात आहे. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं. भिंती दगड-मातीच्या, वर कौलं. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर दोन नावं आहेत: एक माझ्या थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, आणि दुसरं माझं. दादा घरात राहतो. मी उताऱ्यावर राहतो.

वाटणीचा विषय निघाला तेव्हा एका पाहुण्यांनी सुचवलं, "भांडत बसू नका, व्हॅल्युएशन करून घ्या." भांडण टाळायला किंमत काढणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर विकत आणणं. पण आणला आम्ही व्हॅल्युअर.

माणूस सज्जन होता. त्याचं गणितही साधं होतं. जागेचं क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनरचा दर, अधिक बांधकामाचा खर्च, वजा घसारा. शिवाय आसपास अलीकडं कुणी काय भावानं विकलं, याची चौकशी. त्यानं टेप लावली, रस्ता किती फुटी, एसटी कुठं थांबते, शाळा किती लांब, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "पुराचं पाणी कुठवर येतं?"

दादानं भिंतीवर बोट ठेवलं. "एकोणीसला हितवर. एकवीसला ह्याच्यावर आनि वीतभर."

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला धोक्याची पातळी मानतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली ५६ च्या. दादाच्या त्या एका बोटानं आमच्या घराचे काही लाख वाहून नेले. अॅडम स्मिथला १७७६ साली कोडं पडलं होतं, की पाण्यासारखी उपयोगी वस्तू नसूनही त्याला किंमत नाही आणि बिनकामाचा हिरा मात्र महाग. साहेब जुलैत आमच्याकडं आले असते तर त्यांना आणखी एक कोडं दिसलं असतं. पाणी फुकट येतं आणि जाताना घराची किंमत घेऊन जातं.

मग आला घसारा. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीला तो कमी, दगड-मातीच्या घराला जास्त. आमचं घर साठी ओलांडलेलं. व्हॅल्युअर जरा चाचरतच म्हणाला, "बांधकामाची किंमत तशी नाहीच धरायची. फक्त जागा."

वहिनी दारातून म्हणाल्या, "घर न्हाईच म्हनता? मग मघाशी च्या कुठं बसून प्यालासा?"

हा प्रश्न विनोदी वाटला तरी मला तो फार खोल वाटतो. कागदावर शून्य झालेलं घर उभं कसं? तर दरवर्षी मे महिन्यात दादा छपरावर चढतो, फुटकी कौलं काढून नवी बसवतो. वहिनी भिंती लिंपतात. पूर ओसरला की दोघं घरातला गाळ घमेल्यानं बाहेर काढतात. गेलेल्या वर्षांसाठी तक्त्यात रकाना आहे. त्या वर्षांत घर ज्यानं पडू दिलं नाही, त्याच्यासाठी नाही.

बरं, राहिली जागा. तिची किंमत कुणी वाढवली? मी तर नाहीच, दादानंही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, म्हणून खालच्या शिवारात ऊस आला. उसामागून कारखाने, पैसा आणि रस्ते आले. कुणी शाळा काढली, कुणी डेअरी चालवली. हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या पुस्तकात हेच मांडलं, की जमिनीची किंमत सगळा समाज वाढवतो आणि खिशात मालक घालतो. तेव्हा समाजानं ती करातून परत घ्यावी. या हिशेबानं घराची किंमत दादाची, जागेची किंमत गावाची; आणि माझ्या वाट्याला घरपट्टीची पावती.

कायदा मात्र म्हणतो, निम्मं तुझं. ते खोटं नाही. पण माझं नाव उताऱ्यावर लागलं ते मी जन्मलो म्हणून, आणि जन्म हा काही पराक्रम नव्हे. गावाकडं वाटणीची एक झकास रीत आहे: एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं उचलायचा. पण दोघांना वाटा सारखाच लागत असेल तरच ती चालते. इथं निम्मं घर म्हणजे मला बँकेतला एक आकडा आणि दादाला अर्धं छप्पर.

याचा अर्थ राहणाऱ्याच्या मायेला सोन्याचा भाव द्यावा असाही नाही. आमच्याजवळच प्रयाग चिखली आहे. १९८९ च्या महापुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला, उंचावर, प्लॉट मिळाले. तरी पुष्कळ लोक जुन्या गावातच राहिले, कारण शेत, गोठा, देऊळ सगळं तिथं. २०१९ साली त्यांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. सोनतळीचा प्लॉट बघून आपण म्हणतो, काय हे हट्टी लोक! पण म्हशीची धार काढायला पहाटे सोनतळीहून चिखलीला कोण येणार, हा प्रश्न व्हॅल्युअरच्या टेपेत मावत नाही. आणि गळ्याइतकं पाणी आलं की माया पोहता येत नसलेल्याला वाचवत नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा व्हॅल्युअरचं बोट आणि वहिनींचा प्रश्न, दोन्ही हिशेबात धरले पाहिजेत.

मला वाटतं, व्हॅल्युअरनं चूक केली नाही. त्यानं एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं: उद्या हे घर परक्या माणसाला विकलं तर तो काय देईल? पण उद्या कुणी विकत नव्हतं! जोवर दादा-वहिनी त्या सोप्यात झोपतात, तोवर ती किंमत कुणाच्याच खिशात नाही. ती मागायची म्हणजे दादानं कर्ज काढून स्वतःचाच उंबरा माझ्याकडून विकत घ्यायचा.

म्हणून आम्ही एका साध्या कागदावर लिहिलं. राहतील तोवर घर त्यांचं, कौलांचा निम्मा खर्च माझा. उद्या एखादा रिसॉर्टवाला आला आणि विकायचंच ठरलं, तर कौलं चाळणाऱ्याची मजुरी आधी वजा आणि उरलेलं निम्मं-निम्मं. दादानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मजुरी कंच्या सालापास्नं धरायची?"

ते अजून ठरायचं आहे. व्हॅल्युअरकडं त्याचा तक्ता नाही.