शाळेची घंटा आणि घरचा ताप

आधार : निर्गम, अध्याय १८ वा

मोशेचा सासरा इथ्रो रानातील छावणीस आला, तेव्हा तो एकटा आला नव्हता, हे वाचताना आपण बहुधा विसरतो. त्याने मोशेची स्त्री सिप्पोरा व तिचे दोघे पुत्र, गेर्षोम आणि अलियेजर, यांस बरोबर आणिले होते. घर कित्येक दिवसांनी एकत्र झाले. आणि दुसऱ्याच दिवशी मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसला! लोकांस ते योग्यच वाटले असेल. सासऱ्यास वाटले नाही. अशाने तू व हे लोकही झिजून जाल, असे त्याने स्पष्ट सांगितले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या मध्यास उघडतात. त्याच सुमारास पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे पाऊस धरतो; येवले, नांदगावाकडे कित्येक वर्षी तेव्हाही पाण्याच्या टँकरची वाट पाहणे चालूच असते. नेमक्या त्याच आठवड्यात शिक्षिकाबाईंचे मूल तापाने फणफणते, सासूबाई ओल्या ओट्यावर घसरतात, कौले गळतात, एस. टी. चुकते. इकडे वर्गात पहिलीची नवी मुले रडत असतात. पटनोंदणी, पुस्तकांचे वाटप, दुपारच्या खिचडीचा हिशेब, सारे एकदम अंगावर येते. बाई थोड्या उशिरा आल्या की पारावर त्यांचा न्याय होतो. ही छावणीतलीच रीत नव्हे काय? रांगेत सर्व उभे. बसणाऱ्याच्या पाठीकडे कोणी पाहत नाही.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींस शिकविले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८५६ मध्ये त्या आजारी पडून नायगावी माहेरी राहिल्या होत्या. त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरच्या पत्रात, भावाने आपली शुश्रूषा केली असे त्यांनी जोतीरावांस कळविले. आणि पुण्यात फातिमेवर कामाचा फार भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही लिहिले. भाऊ शुश्रूषा करितो, सहकारीण वर्ग चालविते, म्हणून आजारी मनुष्यास बरे होण्यास वेळ मिळतो. आमच्या पुरुषवर्गाने त्या भावाकडे विशेष लक्ष द्यावे; बहिणीच्या उशाशी बसण्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

इथ्रोने नुसती हळहळ केली नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमण्याची सोय त्याने सुचविली, आणि मोशेने सासऱ्याचे ऐकिले. हे ऐकणेही सोपे नाही. कित्येक शिक्षक-उपदेशकांस मदत मागणे लाजिरवाणे वाटते. आपल्या खेड्यात हजारांची गरज नाही, दहा घरे पुरेत. आजारी मूल दुपारपर्यंत शेजारच्या आजीने सांभाळावे, कोणी दळण आणावे, कोणा तरुणाने पावसाची उघडीप साधून कौले चाळावीत. आवणीच्या दिवसांत आपली मोठी मुलगी धाकट्यांस राखण्यासाठी घरी ठेवू नये, म्हणजे बाईंस मुले गोळा करीत दारोदार फिरावे लागणार नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांपैकी दोघांनी बाईंच्या घरी जाऊन ताप उतरला काय, हे विचारावे. सर्व ठीक आहे असे उत्तर आले, तरी चुलीकडे एकदा पाहून यावे.