दहा लाखांत एक

पॉवर प्रेस सहजासहजी मोडीत निघत नाही. बिडाचा जाडजूड सांगाडा, फिरते जड फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट आणि खालीवर होणारा रॅम एवढीच तिची रचना. बेअरिंग बदलले, ब्रेकचा पट्टा आवळला, की तीस वर्षांपूर्वीची प्रेसही पत्रा सफाईने कापते. म्हणूनच मोठा कारखाना नवी यंत्रे घेतो तेव्हा जुन्या प्रेस भंगारात जात नाहीत. दलालामार्फत लहान गाळ्यांत येतात. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली अशा वसाहतींच्या आतल्या गल्ल्यांत आपल्या दुचाकी-चारचाकींचे ब्रॅकेट, क्लॅम्प आणि वॉशर अशाच यंत्रांवर निघतात. वस्तू टाकून न देता वापरत राहणे हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि तो गुण आहेच. पण या प्रेसबरोबर गाळ्यात एक गोष्ट अशी येते, जिची नोंद खरेदीच्या पावतीवर नसते. ती म्हणजे बोटे जाण्याचा धोका. संरक्षक सोयी नसलेले जुने यंत्र स्वस्त पडते, कारण त्याच्या किमतीचा एक हिस्सा कामगाराच्या हातावर टाकलेला असतो. कामगाराने कितीही दक्षता बाळगली तरी तो फिटत नाही. तो यंत्रातच भरावा लागतो. हे माझे म्हणणे पटण्यासाठी आधी हे यंत्र जवळून पाहायला हवे.

जुन्या प्रेसमध्ये बहुधा की क्लच असतो. मोटर फ्लायव्हील सतत फिरवत राहते. ऑपरेटरने पायडल दाबले की एक पोलादी चावी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते, क्रँकशाफ्ट फिरू लागतो, रॅम खाली येऊन पत्र्यावर आदळतो आणि परत वर जातो. पूर्ण फेरी झाल्याशिवाय ही चावी सुटत नाही. चूक लक्षात आली, पाय उचलला, कोणी ओरडले, तरी सुरू झालेला स्ट्रोक मधे थांबत नाही. मिनिटाला 60 स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसचा रॅम अर्ध्या सेकंदात खाली येतो. त्यातून चावीची धार झिजली, स्प्रिंग ढिली पडली किंवा ब्रेकचा पट्टा तेलकट झाला, तर पायडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. नेमका त्याच क्षणी ऑपरेटरचा हात तयार नग काढायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची प्रेस मात्र मधेच थांबवता येते. तिला प्रकाशकिरणांचा सेन्सर लावता येतो. त्यासाठी हात सेकंदाला 1.6 मीटर वेगाने सरकतो असे धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील, तर किरणांचा पडदा डायपासून किमान 32 सेंटिमीटरवर हवा. की क्लचच्या प्रेसला हाच सेन्सर लावला तर तो शोभेपुरता उरतो, कारण जे यंत्र मधे थांबूच शकत नाही त्याला धोक्याची सूचना देऊन काही साधत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. ऑपरेटर तासाला 500 नग काढतो असे धरा. आठ तासांच्या पाळीत त्याचा हात डायमध्ये 4000 वेळा जातो आणि तितक्याच वेळा पायडल दाबले जाते. वर्षाचे 300 दिवस धरले तर ही संख्या 12 लाखांवर जाते. हा माणूस इतका दक्ष आहे की दहा लाखांत एकदाच त्याचे भान सुटते, असेही मानू. रात्रपाळीत, उन्हाळ्यात, बाराव्या तासालाही त्याची दक्षता तीच राहते, हेही मान्य करू. अशी दक्षता माणसात सापडत नाही. तरीही वर्षभरात एकदा हात आणि पाय यांचा मेळ चुकणार, आणि त्या वेळी त्याच्या व पोलादाच्या मध्ये काही नसेल तर बोटे जाऊ शकतात. अपघातानंतर जबाबात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते. या समजुतीला शास्त्राचा आधार दिला तो अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिक यांनी. विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी 1931 च्या पुस्तकात 88 टक्के अपघातांचे खापर माणसांच्या असुरक्षित वागण्यावर फोडले. त्यांचा आधार होता विम्याच्या नोंदी आणि मालकांकडून आलेले अपघातांचे अहवाल, म्हणजे ज्यांच्यावर जबाबदारी येऊ शकत होती त्यांनीच लिहिलेली कारणे. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यावर कडक टीका केली, पण कारखान्यांच्या भिंतींवरच्या ‘सावध राहा’ या पाट्यांमागे आजही तोच विचार आहे.

‘काम जोखमीचे आहे, बोटे जायचीच’ हा युक्तिवादही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रेल्वेचे डबे जोडायला दोन डब्यांच्या मधे उभे राहून हाताने खिळा बसवावा लागे. ब्रेकमनची बोटे जाणे इतके नित्याचे होते की तुटलेली बोटे हा अनुभवाचा दाखला मानली जात. इलाय जॅनी यांनी आपोआप जुळणाऱ्या कपलरचे पेटंट 1873 मध्येच मिळवले होते. तरीही खर्च फार येईल, लाखो जुने डबे बदलायचे कसे, असे म्हणत कंपन्या वीस वर्षे चालढकल करत राहिल्या. अखेर रेल्वे कामगारांच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्या लोरेन्झो कॉफिन यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे 1893 मध्ये कायदा झाला. त्याने नव्या डब्यांबरोबर रुळांवर धावत असलेल्या जुन्या डब्यांनाही कपलर बंधनकारक केला. मुदत वाढत 1900 पर्यंत गेली, पण जुन्याला सूट मिळाली नाही. कंपन्या बुडाल्या नाहीत आणि डबे जोडताना होणारे अपघात झपाट्याने घटले. ब्रेकमन तेच होते, त्यांची सावधगिरीही पूर्वीचीच होती. बदलला तो दोन डब्यांमधला लोखंडी सांधा.

आपल्याकडेही जुन्या यंत्राला सूट न देण्याची परंपरा आहे, फक्त ती निवडक आहे. कोलकात्यात 1863 मध्ये बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. त्याच वाटेने आलेल्या 1923 च्या बॉयलर कायद्याने प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवण्यास मनाई केली. ते प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचे असे. कामगार किती आहेत हे तिथे कोणी विचारत नाही. बॉयलरचा दाब पाहिला जातो. प्रेसच्या बाबतीत उलटे आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 21 सांगत असे की यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कम आवरणाने बंदिस्त हवा. पण हा अधिनियम विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असल्यावरच लागू होई, आणि 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा 20 वर नेली. चार प्रेस आणि सात माणसे असलेला गाळा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही, आणि जुन्या प्रेस तर तिथेच जातात. संख्या कमी असली तरी एखाद्या ठिकाणी कायदा लागू करण्याचा अधिकार कलम 85 ने राज्य सरकारला दिला होता, म्हणजे वाट ठाऊकच नव्हती असे नाही. बॉयलर फुटला की इमारत कोसळते, शेजारी मरतात, मालकही सापडू शकतो. प्रेस एका वेळी एकाच माणसाची दोन बोटे घेते, आणि त्या माणसाचे नाव पुष्कळदा ठेकेदाराच्या वहीत असते. गुरुग्राम-मानेसर-फरीदाबाद पट्ट्यातील जखमी कामगारांच्या नोंदी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून प्रसिद्ध करत आली आहे. त्यातही हेच दिसते: जखमींत बहुसंख्य परप्रांतीय व कंत्राटी, आणि अपघातांचे सर्वांत मोठे कारण पॉवर प्रेस.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो: ‘तीस वर्षे ही प्रेस चालवतोय, काही झाले नाही.’ हा दावा खोटा असतोच असे नाही, पण त्यावरून फार थोडे सिद्ध होते. चार यंत्रांच्या गाळ्यातला अपघात विरळाच असणार. धोका उमगतो तो हजारो यंत्रांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर, आणि लहान गाळ्यांच्या नोंदी कुठेच होत नाहीत. शिवाय तीस वर्षांपूर्वीची चावी आणि आजची झिजलेली चावी एकसारखी नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गार्ड, म्हणजे डायभोवतीची संरक्षक जाळी, लावले तरी कामगारच ते काढून टाकतात. हे खरे आहे. पण ते का काढतात? गार्डमुळे नग दिसत नाही, हात अडतो, उत्पादन घटते, आणि उत्पादनाचा आकडा गार्ड नसलेल्या हाताच्या वेगावर ठरवलेला असतो. पगार नगांवर आणि सुरक्षा जाळीवर अवलंबून असेल, तर जाळी निघणारच. तेव्हा गार्ड उघडले की प्रेस सुरूच होऊ नये अशी जोडणी हवी आणि उत्पादनाचा आकडा गार्ड लावून ठरवायला हवा. ही दोन्ही कामे ऑपरेटरच्या हातातली नाहीत, मालकाच्या हातातली आहेत.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. लहान उद्योजक स्वतःच कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेला असतो. वरचा ग्राहक दर कमी करून मागतो. हवेच्या क्लचची नवी प्रेस त्याच्या आवाक्याबाहेरची असते. मात्र पहिला उपाय नव्या प्रेसचा नाहीच. डायभोवती पक्की जाळी बसवून पत्र्यापुरती अरुंद फट ठेवली आणि तयार नग घरंगळत बाहेर पडेल अशी घसरण केली, तर की क्लचच्या प्रेसवरही हात आत जाण्याचे कारण उरत नाही. ही जाळी गाळ्याशेजारच्या फॅब्रिकेटरलाही करता येते. जिथे हात घालावाच लागतो तिथे मात्र की क्लच बदलायला हवा, आणि तो खर्च एकट्या गाळेवाल्यावर टाकणे अन्यायाचे आहे. वाहन उद्योग आपल्या पुरवठादारांकडून आलेल्या नगांतले दोष पीपीएममध्ये मोजतो, म्हणजे दहा लाखांत किती नग बाद. त्यासाठी त्याचे तपासनीस पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर जातात, डाय पाहतात, मापे घेतात. त्याच तपासणीत त्या प्रेसला गार्ड आहे का, ती डबल स्ट्रोक मारते का, हे पाहायला वेगळा माणूस लागत नाही. पत्र्याच्या दहा लाखांत एक नग बाद निघालेला ज्यांना खपत नाही, त्यांना दहा लाखांत एकदा चुकणाऱ्या हाताचा हिशेब अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. तो आजवर त्यांच्याकडे कोणी मागितला नाही, एवढेच.

नुकसानभरपाई मिळते ना, हा शेवटचा बचाव. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेतली घट 14 टक्के, अंगठा गेल्यास 30, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के धरली होती. असे कोष्टक नसते तर कामगाराला तेवढेही मिळाले नसते, म्हणून ते हवेच. पण ते झालेल्या हानीचे मोजमाप आहे, ती होऊ देण्याचा परवाना नव्हे. हेल्परचा ऑपरेटर झालेल्या पंचविशीतल्या मुलाची तर्जनी गेली, तर गाळ्यात त्याची क्षमता 14 टक्क्यांनी घटत नाही. त्याला पुन्हा प्रेसवर कोणी बसवत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. पॉवर प्रेसला बॉयलरसारखे यंत्रनिहाय प्रमाणपत्र हवे, मग गाळ्यात सात माणसे असोत की सातशे. ब्रिटनने 1965 च्या नियमांनी प्रेस व गार्ड यांची तज्ज्ञाकडून ठरावीक मुदतीत तपासणी आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत प्रशिक्षित माणसाकडून गार्डची पाहणी बंधनकारक केली. ही पद्धत आपल्याला सहज पेलेल. जुनी प्रेस विकताना गार्ड बसवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आणि दलालावर हवी, म्हणजे मोठ्या कारखान्याने टाळलेला धोका विकतच्या मालासारखा खाली सरकणार नाही. क्लच बदलण्यासाठी सरकारने अनुदान द्यावे आणि खर्चाचा वाटा माल घेणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. आणि अपघाताच्या चौकशीत पहिला प्रश्न ‘कामगाराने काय चूक केली’ हा नको. ‘चूक होणारच हे माहीत असताना यंत्रात काय सोय केली होती’ हा हवा. या प्रश्नाचे लेखी उत्तर ज्या प्रेसच्या मालकाला देता येणार नाही, ती प्रेस कितीही चांगली चालत असली तरी बंद ठेवली पाहिजे.