दुखणं सोसावं की सांगावं? (गीता २.१४)



आजच्या चिंतनासाठी भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक घेतलाय. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळं इंद्रियांच्या स्पर्शातून येतं, टिकत मात्र नाही, म्हणून ते सोसायला शीक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. या सोसण्याला आपल्याकडे तितिक्षा म्हणतात. अप्रेझल वाईट झालं, नातं तुटलं, ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले, सगळीकडे आपण हा श्लोक लावतो. पण छातीत दुखत असेल तर? तेही सोसायचं का?

माझ्यासाठी सध्या हा प्रश्न पुस्तकातला नाही. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला माझ्या हृदयाचं ॲब्लेशन झालं. आजार एट्रियल फिब्रिलेशनचा. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे ठेक्यात आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात. आता विश्रांतीसाठी भंडाऱ्याला आई-बाबांकडे आलोय. अर्धा दिवस लॅपटॉपवर काम, उरलेला वेळ आराम. आणि खोल श्वास घेतला की छातीत चमक.

ही चमक कुठून येते ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. या आजारात गडबडीचे विजेचे ठोके बऱ्याचदा फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉ. मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि त्या तोंडांभोवती छोटे छोटे चटके देत गोल पूर्ण करतात. ऊतीचं तापमान साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तिथल्या पेशी मरतात. तिथे व्रण तयार होतो, आणि व्रणातून वीज पलीकडे जात नाही.

आमच्या भागात धानाच्या दोन बांध्यांमध्ये धुरा घालतात, म्हणजे एकीचं पाणी दुसरीत शिरत नाही. हृदयातला हा व्रण म्हणजे तसाच धुरा. पण नवा धुरा एका दिवसात पक्का होत नाही. व्रण पक्का व्हायला काही आठवडे लागतात. तोवर सूज असते. हृदयाभोवतीच्या आवरणालाही ती लागते, म्हणून खोल श्वास घेताना किंवा आडवं पडल्यावर दुखतं, आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. पहिले दोन-तीन महिने ठोके अधूनमधून चुकले तरी तेवढ्यावरून उपचार फसला असं डॉक्टर मानत नाहीत.

म्हणजे माझं आजचं दुखणं उपायातूनच आलेलं आहे. औषध चालू आहे, तपासण्या झाल्यात, बाकी काम शरीराचं. इथे तितिक्षा नेमकी कुठे बसते?

आदी शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे, आणि ती फार कडक आहे. दुःखावर प्रतिकार न करता, त्याची चिंता न करता आणि रडगाणं न गाता ते सहन करणं. यातला ‘प्रतिकार न करता’ हा भाग वाचून मी थांबलो. मग ॲब्लेशन करून घेणं हीच तितिक्षेतली पहिली कसूर म्हणायची का?

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्या महाराष्ट्रातच घडलीत, आणि दोन्ही गीता जगणाऱ्या माणसांची आहेत.

पहिलं १९२४ चं. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि त्यांना अपेंडिसायटिस झाला. ‘हिंद स्वराज’मध्ये १९०९ सालीच डॉक्टरी पेशावर कडाडून टीका करणारा हा माणूस. तरी त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेला संमती दिली. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ती केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं.

दुसरं १९८२ चं. आमच्या विदर्भातल्या पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. ‘गीताई’ लिहिणाऱ्या विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, शांतपणे देह ठेवला. वय ८७.

एकाने उपाय घेतला, दुसऱ्याने सोडला. यात खरा भक्त कोण, असं विचारणं मला बरोबर वाटत नाही. विनोबांनी आपलं काम पुरं झालं असं मानून, सगळ्यांना सांगून, उघडपणे निर्णय घेतला. त्यात भीती नव्हती, लपवाछपवीही नव्हती. पण तिशी-पस्तिशीतला माणूस छातीत दुखत असताना ‘बघू सकाळी’ म्हणून कूस बदलतो, तेव्हा तो विनोबांच्या वाटेवर नसतो. तो बहुतेक वेळा डॉक्टर काय म्हणतील याला घाबरलेला असतो, आणि त्या भीतीला वैराग्याचं नाव देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातला सहावा श्लोकही इथे आठवायला हवा. देहाला मूर्खपणाने पिळणाऱ्यांच्या तपाला भगवंत आसुरी म्हणतात, कारण त्या देहात ते स्वतः राहतात.

मग मला पटलेलं उत्तर हे : आधी करण्यासारखा उपाय करायचा, आणि तो करून झाल्यावर जेवढं दुःख उरेल, तेवढ्यासाठी तितिक्षा. व्याख्येतल्या उरलेल्या दोन गोष्टी, चिंता आणि विलाप, मग खऱ्या कामाच्या होतात.

रात्री दोन वाजता चमक येते तेव्हा नीट बघितलं तर दोन वाक्यं असतात. पहिलं, ‘दुखतंय.’ हे शरीराचं, आणि खरं. दुसरं, ‘आता काही खरं नाही, ऑपरेशन फुकट गेलं.’ हे मनाने जोडलेलं. दुसऱ्या वाक्याने छाती आणखी आवळते, ठोके वाढतात, आणि आपण वाढलेले ठोके मोजत बसतो. श्लोकातलं ‘येणारं-जाणारं’ मी इथे शब्दशः वापरतो. पुढे वाकून बसतो, श्वास आपोआप चालेल तसा चालू देतो आणि मनातल्या मनात नाम घेतो. नामाने दुखणं थांबतं असा दावा मी करणार नाही. मनाला दुसरं वाक्य सोडून बसायला जागा मिळते, एवढं नक्की.

पण सोसण्याच्या आधी ओळखणं हवं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. सिस्टिममध्ये बदल केल्यावर लॉगमध्ये ढीगभर इशारे येतात. प्रत्येकाला घाबरणारा इंजिनिअर झोपू शकत नाही, आणि सगळे म्यूट करणारा एक दिवस सर्व्हर गमावतो. माझ्या डॉक्टरांनी न सोसायच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्यात : दाबल्यासारखं, हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, जांघेत रक्त किंवा वाढती सूज. आणि काही आठवड्यांनंतरसुद्धा ताप आला किंवा गिळताना त्रास झाला तर तेही. यातलं काहीही झालं की जप नंतर, आधी १०८ ला फोन. विवेक नसेल तर तितिक्षा नुसता हट्ट होते.

आता सगळ्यात अवघड भाग. आई रोज विचारते, “बाबू, दुखून राह्यलं का रे? लपवू नको, सांगजो.” ‘नाही’ म्हटलं तर ती झोपेल. पण भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर आहे. मध्यरात्री काही झालंच, तर धावपळ तिची आणि बाबांचीच होणार. माझ्या गप्प बसण्याची किंमत मी एकटा देत नाही. मग ते माझं एकट्याचं सोसणं कसं म्हणायचं?

सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं समोरच्याला अस्वस्थ करणारं नसावं, ते खरं, गोड आणि हिताचं असावं. हे सगळं एकाच वाक्यात बसवायचं म्हणजे खरंच तप आहे. आईला मी सांगतो, “हो, श्वास ओढला की दुखतं. डॉक्टर म्हणाले होते तेच दुखणं आहे. वाढलं तर तुलाच उठवीन.” यात खोटं काही नाही, तिला उगाच घाबरवणारं काही नाही, आणि शेवटच्या वाक्यात तिला हवा असलेला शब्दही आहे. ती मान हलवते आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते.

आजचा छोटा अभ्यास : तुमचं जे काही दुखत असेल, शरीराचं किंवा मनाचं, त्याची ती दोन वाक्यं वेगळी करून लिहा. पहिल्यावर उपाय बाकी असेल तर आजच करा. दुसरं देवापुढे ठेवा. आणि घरातल्या एका माणसाला पहिलं वाक्य खरं खरं सांगा.

पांडुरंगा, जे बदलता येतं त्यासाठी हालचाल करायची बुद्धी दे. जे उरेल ते सोसताना जवळ राहा. आणि माझ्या सोसण्याचा भार माझ्या माणसांवर पडू देऊ नको.

राम कृष्ण हरी.